जेफ मिल्सचे पंखे कोण कोण?

रात्रपाळी

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच. टेक्नोवर, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या ठेक्याच्या संगीतावर, अधूनमधून कुणीतरी लिहितं आणि चार प्रतिसादांत गाडी 'हे कसलं संगीत, नुसती धडधड' या स्टेशनावर येऊन थांबते. म्हणून आधीच सांगतो, हा धागा धडधड आवडणाऱ्यांचा आहे. बाकीच्यांनी यावं, पण चपला बाहेर काढून.

जेफ मिल्स, टेक्नोचा डीजे. जन्म १९६३, अमेरिकेतलं डेट्रॉइट. म्हणजे साठी केव्हाच उलटली. ऐंशीच्या दशकात हा पोरगा तिथल्या रेडिओवर 'द विझर्ड' या नावाने रेकॉर्ड वाजवायचा. पुढे माइक बँक्सबरोबर अंडरग्राउंड रेझिस्टन्स हा गट सुरू केला, तिथून बाहेर पडला आणि १९९२ मध्ये ॲक्सिस हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, काढलं. ही जंत्री कुठेही मिळेल. मला बोलायचंय ते त्याच्या हातांबद्दल.

२००४ साली त्याने 'एक्झिबिशनिस्ट' नावाची डीव्हीडी काढली. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्या हातांवर. तीन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारे डेक), मध्ये त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, गर्दी नाही, लेझर नाही, धूर नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, घरात सगळे झोपलेले आणि हेडफोन सापडेना. म्हणून आवाज बंद करून पाहिली. आणि पाहतच राहिलो. एक हात मिक्सरवर, दुसरा बाजूच्या डेकवरच्या रेकॉर्डच्या कडेला बोट लावून. रेकॉर्ड किंचित पुढे गेली असावी, तिला बोटाने जरा अडवलं. सोडलं. तोच हात तिसऱ्या डेककडे, पिन उचलली, दुसरीकडे टेकवली. चेहऱ्यावर काही नाही. आवाजाशिवायही लय दिसत होती.

तर मंडळी, तुमचा मिल्स कुठे आणि कसा भेटला? आणि लाइव्ह सेट कोणता आवडतो?

मध्यरात्र

हात वर! 'लिक्विड रूम'शिवाय दुसरं उत्तर असूच शकत नाही.

बेसूर

चपला काढून आलोय. प्रामाणिक प्रश्न आहे, हलकं घ्या. दुसऱ्यांनी बनवलेल्या रेकॉर्ड एकामागून एक लावायच्या, आणि टाळ्या लावणाऱ्याला? रेडिओवरचा निवेदकही हेच करतो, वर दोन शब्द गोड बोलतो. हे तुमचे बुवा तर बोलतही नाहीत आणि हसतही नाहीत.

रात्रपाळी

आले! चला, धाग्याला नजर लागायची राहिली होती, ती लागली.

नवखा

बेसूर, तुमचा प्रश्न मीही दोन वर्षांपूर्वी विचारला असता. मग दोन जुनी टर्नटेबलं घेतली आणि तोंड बंद झालं.

सांगतो काय होतं ते. समजा एक रेकॉर्ड मिनिटाला १३५ ठोके चालतेय आणि दुसरी १३६. फरक एका ठोक्याचा, तोही अख्ख्या मिनिटात. वाटतं, कोणाला कळणार? पण सेकंदाला सुमारे ७ मिलिसेकंद या हिशेबाने त्या फाकत जातात. चार-पाच सेकंदांत दोन किक (मोठ्या ड्रमचे खालचे ठोके) वेगळ्या ऐकू यायला लागतात, घोड्याच्या टापा वाजल्यासारख्या. तिसाव्या सेकंदाला एकीची किक दुसरीच्या दोन किकांच्या बरोब्बर मधोमध. हे कानाने आधी ओळखायचं, कोणती पुढे पळतेय ते ठरवायचं (इथेच मी निम्म्या वेळा उलटं ठरवतो), मग पिचचा, म्हणजे वेग कमीजास्त करायचा, स्लायडर केसाएवढा सरकवायचा. आणि हे सगळं एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात खोलीतला आवाज असताना. माझा आजवरचा विक्रम १२ सेकंदांचा. त्यानंतर टापा.

मिल्स हे तीन डेकवर करतो. आणि एक रेकॉर्ड दोन मिनिटंही ठेवत नाही.

बेसूर

पण आता यंत्रात बटण असतं म्हणे, दाबलं की वेग आपोआप जुळतो?

नवखा

असतं. १९९५ साली टोकियोत नव्हतं.

खरखर

मध्यरात्र यांना +१. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'लिक्विड रूम' म्हणजे टोकियोच्या शिंजुकू भागात तेव्हा असलेला क्लब. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथे वाजवलेला सेट पुढच्या वर्षी सीडीवर आला. सत्तरेक मिनिटांत तिसाहून जास्त रेकॉर्ड. म्हणजे एकीच्या वाट्याला सरासरी सव्वादोन मिनिटंही नाहीत. त्यात डेरिक मेचं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' आहे, स्वतःचं 'द बेल्स' आहे, आणि या दोन नावांवरच निम्मे लोक जीव टाकतात.

मी मात्र तो सेट त्यातल्या चुकांसाठी ऐकतो. हो, चुकांसाठी. पिनची खरखर स्पष्ट ऐकू येते. मागे लोकांचा गलका आहे. काही ठिकाणी दोन रेकॉर्ड क्षणभर फाकतात, आता पडणार असं वाटतं, आणि त्या ओढून जागेवर आणलेल्या ऐकू येतात. हे नंतर स्टुडिओत पुसून टाकता आलं असतं. ठेवलंय. आजकालचे सेट इस्त्री केलेल्या शर्टासारखे असतात, एक सुरकुती सापडत नाही. या सेटला माणसाच्या अंगाचा वास आहे.

मध्यरात्र

खरखर, अगदी! मला तो सेट नेहमी घाईत असल्यासारखा वाटतो. म्हणजे घाईघाईत उरकलेला नव्हे. एखाद्याला खूप सांगायचं असतं, वेळ कमी असतो, वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढचं सुरू होतं, तसा. ही सवय रेडिओवरची असणार. 'द विझर्ड'च्या काळात हिप-हॉप, इलेक्ट्रो, न्यू वेव्ह, जे हाती लागेल ते एकमेकांत कापून जोडायचा. बाकीचे टेक्नोवाले दोन रेकॉर्ड हळुवार विरघळवतात, हा कात्री लावतो.

जुना भोंगा

हातांचं कौतुक झालं, आता जरा गावाचंही बोला. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. गाड्यांचे कारखाने हलले, बंद पडले, गोरी वस्ती उपनगरांत गेली. मागे उरलेल्या शहरात कृष्णवर्णीय मुलांनी यंत्रांवर संगीत केलं. आधी ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन. मग बँक्स, मिल्स, रॉबर्ट हूड ही दुसरी फळी, आणि ती जास्त कडक. अंडरग्राउंड रेझिस्टन्सवाले चेहरे झाकून फिरायचे, मोठ्या कंपन्यांना उभं करायचे नाहीत. हे सगळं 'पार्टीचं संगीत' या एका शब्दात कोंबलं की मला राग येतो.

आणि गंमत बघा, या संगीताला पोटाशी धरलं बर्लिनने. भिंत पडली १९८९ मध्ये. मार्च १९९१ मध्ये ट्रेझर क्लब उघडला तो एका जुन्या, नामशेष झालेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत. गंजलेले लॉकर तसेच भिंतीला. ट्रेझरने लेबल काढलं तर पहिली रेकॉर्ड डेट्रॉइटच्या याच टोळीची, एक्स-१०१ या नावाने. मिल्सचं 'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन'ही १९९२ मध्ये तिथूनच आलं. एका रिकाम्या झालेल्या शहरातला आवाज दुसऱ्या शहराच्या रिकाम्या तिजोरीत जाऊन घुमला.

बेसूर

भोंगेराव, हे माहीत नव्हतं. पण इतिहास चांगला म्हणून संगीत चांगलं, असं होत नाही.

जुना भोंगा

बरोबर. म्हणूनच म्हणतो, ऐका.

झपताल

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. मी लहानपणी सात-आठ वर्षं तबला शिकलो. मुलाने गाडीत हे लावलं तेव्हा मी सवयीने सम शोधत बसलो. सापडेना. मग डोक्यात प्रकाश पडला की यात प्रत्येक मात्रेवर किक आहे, म्हणजे सगळ्याच समा! पंधरा मिनिटं चिडलो. मग लक्षात आलं की किककडे ऐकायचंच नाही, ती जमीन आहे. ऐकायचं ते वरच्या हाय-हॅटकडे, ड्रमच्या त्या छोट्या झांजांच्या जोडीकडे. ती मात्रेच्या अध्येमध्ये पडते, कधी उघडी, कधी बंद, आणि माणूस ती सतत हलवतोय. एकदम आपल्याकडचं लग्गी-लडीचं काम आठवलं. ठेका चालू, आणि वर खेळ.

खरखर

झपतालराव, सुंदर. फक्त एक अडतं. लग्गीनंतर तिहाई येते, सम येते, टाळी पडते. मिल्स तिहाई देत नाही. बाकीचे डीजे आवाज चढवत नेतात, मग सगळं थांबवतात, लोक हात वर करतात, आणि धाडकन किक आणतात. मिल्सकडे हा हिशेब जवळपास नाहीच. तो किक काढून घेतो ती चार मात्रा, आठ मात्रा, तुम्हाला कळेपर्यंत परत आलेली असते. बक्षीस मिळत नाही. मला तरी तेच आवडतं, पण तबल्याच्या कानाला ते उपाशी ठेवल्यासारखं वाटत असणार.

झपताल

वाटतं खरं. पण सवय होते.

नवखा

खरखर, तुम्ही त्या बंद खाचेबद्दल दुसऱ्या एका धाग्यावर लिहिलं होतं, ते इथे टाका ना.

खरखर

टाकतो, हा माझा आवडता विषय. रेकॉर्डवरची खाच म्हणजे बाहेरून आत जाणारं एकच लांब वेटोळं. पण खाच वेटोळं न काढता पूर्ण वर्तुळ काढली तर? पिन त्यातच फिरत राहते, तोच तुकडा अनंतकाळ. १९९४ साली ॲक्सिसवर 'सायकल ३०' आली, तिच्या एका बाजूला अशा बंद खाचा आहेत. पिन टेकवा आणि विसरून जा, तुमचा तिसरा डेक आता ढोलकीवाला झाला.

आता गणित बघा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका फेऱ्याला १.८ सेकंद. त्या फेऱ्यात चार ठोके बसवले तर एक ठोका ०.४५ सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १३३.३३. टेक्नोचा ऐन मधला वेग! बंद खाचेत चार मात्रांचं आवर्तन बसवायचं तर वेग निवडायला वावच नाही, तबकडीच तो ठरवते. मग पिचने आठ टक्के वर किंवा खाली, म्हणजे साधारण १२३ ते १४४. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा अर्धा तास तो कागद हातात घेऊन बसलो होतो. बायकोला दाखवला. ती म्हणाली, "बरं."

रात्रपाळी

"बरं." 😂 वहिनींना नमस्कार सांगा.

मध्यरात्र

आता मी माझी गोष्ट सांगते. एकदाच प्रत्यक्ष ऐकलंय. कुठे ते राहू दे, कारण तिथल्या ध्वनियोजनेबद्दल बरं काही लिहिता येणार नाही. पहिला अर्धा तास खालचा आवाज नुसता गढूळ. शिवाय समोर फोनची भिंत. मी वैतागून बाजूला सरकले, आणि योगायोगाने अशा ठिकाणी पोचले जिथून त्याचं टेबल तिरकं दिसत होतं.

रेकॉर्ड नव्हत्या, आता तो सीडी प्लेअर वापरतो. ज्यांना विनाइलशिवाय पाणी गोड लागत नाही त्यांनी इथे उसासा टाकावा. पण टेबलाच्या कडेला नऊशेनऊ होतं. रोलंड टीआर-९०९, ड्रमचे आवाज काढणारं यंत्र. तोवर दोन ट्रॅक चालू होते. त्याने ते दोन्ही हळूहळू उतरवले आणि उरलं फक्त ते यंत्र. नुसती किक. मग तो वाकला आणि एका हाताने टाळीचं बटण मारायला लागला. आधी ठरवून ठेवलेलं नाही, बोटाने, त्या क्षणी. एक टाळी जरा उशिरा पडली. पुढच्या आवर्तनात तीच टाळी त्याने पुन्हा तितक्याच उशिरा मारली. आणि मग पुन्हा. चुकीची जागा त्याने पक्की करून टाकली! चौथ्या वेळी आख्खी गर्दी त्या उशिरा पडणाऱ्या टाळीवर डोलत होती. मघाचा गढूळ आवाज कधी विसरले कळलं नाही.

तेवढ्या वेळात त्याने मान वर केली असेल नसेल. नीटनेटका कोट, कपाळावर घाम, नजर बोटांवर.

नवखा

ताई, हा प्रतिसाद वाचूनच अंगावर काटा आला.

बेसूर

हे मात्र वाजवणं झालं. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

खरखर

बेसूर, नऊशेनऊबद्दल थोडं. १९८३ मध्ये आलं, दोन वर्षांत बंद पडलं, सुमारे दहा हजार नग बनले. किक, स्नेअर (छोटा ड्रम) ॲनालॉग, म्हणजे सर्किटमध्येच तयार होणारे, पण हाय-हॅट आणि झांजा ६ बिटांचे रेकॉर्ड केलेले नमुने, म्हणजे आजच्या हिशेबाने गचाळ. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून बँडवाल्यांनी नाक मुरडलं. पुढे सेकंडहँड बाजारात आलं आणि शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती लागलं. डेरिक मेने आपलं नऊशेनऊ शिकागोचा डीजे फ्रँकी नकल्स याला विकलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. एका वाद्याने दोन गावांचं संगीत घडवलं म्हणा ना.

मिल्सची खुबी अशी की तो त्याला यंत्रासारखं वागवत नाही. प्रत्येक आवाजाला वेगळा नॉब आहे, किकची तर लांबीही फिरवता येते. बहुतेक लोक पॅटर्न भरतात आणि चालू करून देतात. हा चालू असताना आत हात घालतो. 'एक्झिबिशनिस्ट'चा दुसरा भाग २०१५ मध्ये आला, त्यात नुसत्या नऊशेनऊवरचं काम आहे. तो तुकडा आधी बघा.

जुना भोंगा

ऑर्केस्ट्रा कुणी काढलाच नाही अजून. २ जुलै २००५, दक्षिण फ्रान्समधला पाँ द्यु गार. रोमन लोकांनी बांधलेला पाणी वाहून नेणारा तीन मजली पूल, आणि त्याच्यासमोर माँपेलिएचा ऑर्केस्ट्रा आणि मिल्स. पुढच्या वर्षी 'ब्लू पोटेन्शियल' नावाने आलं. व्हायोलिनांवर 'द बेल्स' ऐकून माझे डोळे भरून आले होते.

खरखर

इथे आपलं पटणार नाही, भोंगेराव. पूल भव्य, हेतू उदात्त, पण ऑर्केस्ट्राला कागदावरून वाजवायचं असतं. कागद आला की उशिरा पडणारी टाळी गेली. ऐंशी माणसं बोटाच्या एका चुकीवर वळू शकत नाहीत. मला तो कार्यक्रम मिल्सला कोट घालून फोटोला उभं केल्यासारखा वाटतो.

जुना भोंगा

कोट तो नेहमीच घालतो!

खरखर

😀 बरं, ते मागे घेतो. बाकीचं नाही. त्यापेक्षा टोनी ॲलनबरोबरचं काम कितीतरी सरस. २०१८ मध्ये दोघांची एक छोटी रेकॉर्ड आली. नायजेरियाचा गायक फेला कुटी याचा ड्रमर, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेला, आणि शेजारी नऊशेनऊ. यंत्र जरा मागे सरकून त्या म्हाताऱ्याला जागा देतं, आणि म्हातारा यंत्राला चिमटे काढतो. २०२० मध्ये ॲलन गेला. अजून दहा वर्षं हे दोघे एकत्र वाजवायला हवे होते.

झपताल

म्हणजे जुगलबंदी. ही ऐकतो आज.

रात्रपाळी

ऑर्केस्ट्राच्या बाबतीत मी भोंगेरावांच्या बाजूने. रस्त्यावरचं म्हणून हिणवलेलं संगीत त्या पुलासमोर उभं राहिलं, यात काहीतरी आहेच. पण पुन्हा पुन्हा ऐकतो का? नाही. खोटं कशाला बोलू.

बेसूर

चार दिवसांनी येतोय. 'लिक्विड रूम' तीनदा ऐकलं. पहिल्यांदा वीस मिनिटांत बंद केलं. दुसऱ्यांदा पूर्ण ऐकलं, डोकं दुखलं. तिसऱ्यांदा झपतालरावांची युक्ती केली, किक सोडून वरची हाय-हॅट धरली. आणि एका ठिकाणी दोन रेकॉर्ड फाकताना मला ऐकू आल्या! टापा! मी खुर्चीत पुढे सरकलो, श्वास धरून, जसं काही ते माझ्याच हातात होतं. जुळल्या. मग बंद करून पाणी प्यायलो.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सत्तर मिनिटं एकच वेग हा छळ आहे, यावर मी ठाम. पण तो रेडिओवरच्या निवेदकाचा मुद्दा परत घेतो.

मध्यरात्र

नोंद करून ठेवा रे कुणीतरी, बेसूर यांनी काहीतरी परत घेतलं.

नवखा

धागा वर काढतोय, फुशारकी मारायला. आज ७४ सेकंद. टापा नाहीत. एक रेकॉर्ड पुढे पळायला लागली तेव्हा बोट तिच्या कडेला कधी गेलं ते मलाच कळलं नाही. कोणती पुढे पळतेय याचा विचारच केला नव्हता.

पंचाहत्तराव्या सेकंदाला आनंदाच्या भरात कोपर मिक्सरला लागलं.

तिसरं टर्नटेबल घेणार नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या घेतलं तर तुम्ही दाखवाल.

रात्रपाळी

कोणतं मॉडेल बघून ठेवलंयस?

नवखा

खासगी निरोप केलाय.